नळीचं टोक

९ फेब्रुवारी, शुक्रवार

फिजिओबाईंनी सांगितलंय, रोज थोडं लिहीत जा. बोटं चालतात आणि कोपराखाली उशी आहे, म्हणून लिहिते. झालं ते असं:

१. उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो कामावर, लिफ्टच्या मशिनरूममध्ये, मोटरचं झाकण उचलताना. नंतर आणखी दोनदा. शेवटच्या वेळी मी फक्त पांघरूण ओढलं होतं.

२. तपासणीत दिसलं की खांद्याच्या खोबणीची कड फाटली आहे. सर्जन म्हणाले, शिवून टाकू. तरुण खांदा आहे, नव्यासारखा होईल.

३. काल सकाळी ऑपरेशन झालं. कड जागेवर शिवली.

४. खांद्यात एक बारीक नळी ठेवली आहे. तिचं दुसरं टोक एका फुग्याला, आणि फुगा कमरेच्या पिशवीत. फुगा हळूहळू आकसतो आणि बधिर करणारं औषध थेंबाथेंबानं खांद्यात उतरतं. वीज नाही, बॅटरी नाही. यंत्र म्हणून मला आवडलं.

५. हा पंप भावजींच्या कंपनीचा. ऑपरेशनच्या वेळी ते खोलीत हजर होते.

६. दुखत नाही. अजिबात नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

भावजी डॉक्टर नाहीत. ते असलं सामान विकतात आणि ते बसवताना डॉक्टरांच्या बाजूला उभे राहतात. टेबलावरच्या कशालाही हात लावायची त्यांना परवानगी नसते, म्हणून त्यांच्या खिशात लाल प्रकाशाचं एक पेन असतं. काय कुठे बसवायचं ते पडद्यावर त्या लाल ठिपक्यानं दाखवतात. "डॉक्टर म्हणजे हात, मी म्हणजे बोट," असं सगळ्यांना सांगतात. आई हसते.

माझ्यासाठी त्यांनी नेहमीपेक्षा मोठा फुगा आणला. काल खाटेशी येऊन म्हणाले, "काय मोजपट्टी, दुखतंय का? नाही ना? लोकांना दोन दिवसांचा लावतो. घरचं माणूस आहे म्हटल्यावर चार दिवसांचा लावला. आणि टोक थेट सांध्यात. राजेशाही व्यवस्था." मोजपट्टी म्हणजे मी. त्यांच्या आणि ताईच्या लग्नात मी मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून पाहिला होता, तेव्हापासून.

आज सकाळी मला घरी आणलं. दुपारी ताई आली. येताना धावत आल्यासारखी वाटली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"मग हे अजून कशाला ठेवायचं? काढून टाकू या का?"

"दुखत नाही ते ह्याच्यामुळेच. सोमवारी काढणार आहेत."

मग तिनं विचारलं, "नळीचं टोक नेमकं कुठे आहे? सांध्याच्या आत की बाहेर?"

ताई तिसरीच्या मुलांना शिकवते. यंत्रात तिला काडीचा रस नाही. मिक्सर अडला तरी मला फोन करते. त्यामुळे मला बरं वाटलं. मी एका पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं: हा हाडाचा गोळा, ही खोबणी, आणि मधे हे टोक. तिनं ते पाकीट बराच वेळ हातात धरलं. मग ऊन लागलंय म्हणाली आणि आईकडे स्वयंपाकघरात गेली.

मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ताई खाटेच्या कडेला बसली होती आणि तिची बोटं माझ्या खांद्यावरच्या चिकटपट्टीवर होती. "कड सुटली होती," ती म्हणाली, "दाबून बसवत होते."

कड सुटलेली नव्हती. मी सकाळीच आरशात पाहिली होती. पण आजारी माणसाची काळजी घेताना लोक काहीतरी करत राहतात, करू द्यावं.

११ फेब्रुवारी, रविवार

भावजी आले. आज विनोद कमी. पिशवीत डोकावून विचारलं, "किती उरलंय?" मी सांगितलं. "संपतच आलंय मग," म्हणाले. दोनदा म्हणाले. जाताना आईला नमस्कार करायला विसरले. आईनं त्याची नोंद घेतली आहे. ताई आणि त्यांचं काहीतरी बिनसलंय. बहुधा त्यांच्या बदलीवरून.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नळी निघाली. नर्सनं चिकटपट्टी सोडवली, म्हणाली "श्वास घ्या" आणि एका ओढीत काढली. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच. हे कुणालाही जमेल.

रात्री खूप दुखलं. स्वाभाविक आहे.

२६ फेब्रुवारी

ताई रोज शाळेतून इकडे येते आणि माझी वेणी घालते. मला हात मागे नेता येत नाही. तशी गरज नाही. आई घालू शकते, मी दोनदा सांगून पाहिलं. "बस गप्प," म्हणते आणि कंगवा घेते. लहानपणी ती फार ओढून घालायची, मी ओरडायचे. आता इतक्या हळू घालते की तासाभरात सुटते. ते मी तिला सांगितलेलं नाही.

१९ मार्च

हाताची झोळी निघाली. फिजिओबाई कोन मोजतात. प्रगती योग्य. सर्जन खूश. मी खूश.

२२ एप्रिल

कोन वाढायचा थांबलाय. दुखणं नवीन जागी आहे: पुढे नाही, बाजूला नाही, आत. हात स्थिर ठेवला तरी दुखतं. हे मला समजत नाही. हलवल्यावर दुखणं हे कारण आणि परिणाम झालं. न हलवता दुखणं म्हणजे काय?

आणि आवाज येतो. खरखर. फिजिओबाईंनी तळहात ठेवला आणि सर्जनना दाखवून या म्हणाल्या.

९ मे

सर्जनकडे गेले. सोबत भावजी. त्यांची ओळख असल्यामुळे आम्हाला रांगेत बसावं लागत नाही.

सर्जनांनी हात थोडा वर नेला, मी थांबवला. ते म्हणाले, "तू घाबरतेस. घाबरलं की माणूस व्यायाम चुकवतो, व्यायाम चुकला की सांधा आखडतो. सोपं आहे."

"मी एकही दिवस चुकवलेला नाही."

"सगळे हेच सांगतात."

मी भावजींकडे पाहिलं. माझा व्यायाम त्यांनी पाहिलाय. आमच्याच दाराच्या चौकटीला रबराचा पट्टा त्यांनीच ठोकून दिला. ते त्यांच्या मोबाइलकडे बघत होते. मग म्हणाले, "थोडा जोर कमीच लावते ती, डॉक्टर."

सर्जनांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का म्हणालात?"

"अगं, डॉक्टरांशी वाद घालून चालतं का? त्यांना बरं वाटलं की ते आपल्याकडे नीट बघतात."

मी ह्यावर घरी येईपर्यंत विचार केला. ह्यात काहीतरी चुकतं आहे, पण त्यांना लोकांशी बोलायचा अनुभव आहे आणि मला नाही.

३ जून

आज कामावर चाचणी होती.

मी लिफ्ट तपासते. इमारतीत लिफ्ट बसली की ती माणसं नेण्याजोगी आहे का, हे आमच्यासारखं कुणीतरी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, उतरून पाहतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला आतून, वरच्या बाजूला, एक कुलूप असतं. दार पुरतं बंद नसेल तर लिफ्ट हलता कामा नये, ते ह्या कुलपावर अवलंबून. ते तपासायला लिफ्टच्या छतावर उभं राहून हात डोक्याच्या वर न्यावा लागतो आणि तिथे तो स्थिर ठेवावा लागतो. डाव्या हातानं कठडा धरलेला असतो. तो नियम आहे.

माझ्याबरोबर वस्ताद होते. ते आमच्यात सगळ्यांत जुने, हे नाव त्यांना मी दिलेलं नाही. मला बघून म्हणाले, "या बाईसाहेब. तुम्ही नव्हता तर शाफ्टमधली धूळ कुणी मोजली नाही, वाढलीय बघा."

पहिल्या मजल्यावर हात कुलपापर्यंत गेला. स्थिर राहिला नाही. दुसऱ्यावर गेला नाही. मी कठड्याचा हात सोडून त्या हातानं उजवा हात वर ढकलायला लागले.

"खाली घे," वस्ताद म्हणाले.

"एक मिनिट."

"हात खाली घे आणि कठडा धर. मला तुझ्या आईला तोंड दाखवायचंय."

बाहेर आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली. उघडून दिली, हे मला लागलं. म्हणाले, "आवाज ऐकला मी. माणसाच्या अंगातून असा आवाज नाही ऐकला कधी. दुसऱ्या डॉक्टरला दाखव. तुझ्या मेव्हण्याच्या ओळखीतला नको."

तूर्त मला टेबलावर बसवलं आहे. दुसऱ्यांनी केलेल्या तपासण्या वाचायच्या.

९ जुलै

नव्या डॉक्टरबाई. पहिला अर्धा वेळ एक्स-रे बघत होत्या, फेब्रुवारीतला आणि आजचा, शेजारी शेजारी. फेब्रुवारीत गोळा आणि खोबणी ह्यांच्यामध्ये काळी फट आहे. आजच्यात नाही. हाडाला हाड टेकलं आहे. हे मलाही दिसलं, त्यांनी दाखवायच्या आधी.

त्यांनी विचारलं, "ऑपरेशननंतर वेदनेसाठी पंप लावला होता का?"

"हो."

"नळीचं टोक कुठे होतं? सांध्याच्या आत की बाहेर?"

मी म्हटलं, आत. आणि मला वाटलं, हाच प्रश्न मला आधी कुणीतरी विचारलाय. शब्दही हेच होते.

त्यांनी सांगितलं ते असं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. बधिर करणारं औषध एकदा टोचलं तर सहसा काही बिघडत नाही. पण बंद सांध्यात ते दिवसचे दिवस साठत राहिलं तर त्या अस्तराच्या पेशी मरतात. जास्त औषध, जास्त दिवस, जास्त नुकसान. हे पंप सांध्याच्या बाहेर, मांसात औषध सोडण्यासाठी तपासलेले आहेत. आत लावायला त्यांना कुणी मंजुरी दिलेली नव्हती. लोक लावत होते, कारण आत लावलं की दुखत नाही.

"ह्या वर्षात माझ्याकडे आलेली तू तिसरी," त्या म्हणाल्या.

लिफ्टच्या रुळावर चालणाऱ्या ठोकळ्यांनाही अस्तर असतं. झिजलं की आम्ही बदलतो. मी विचारलं, हे बदलता येतं का?

"कृत्रिम सांधा बसवता येतो. पण तुझ्या वयात बसवला तर तोही झिजेल. मग दुसरा. मग धरायला हाड उरत नाही. जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं."

"आणि हात डोक्याच्या वर?"

त्यांनी उत्तर दिलं. मी ते इथे लिहीत नाही.

जाताना म्हणाल्या, हॉस्पिटलच्या चौकशी समितीकडे तक्रार कर. तुझ्यासाठी म्हणून नाही तर नाही. पण ज्यांना अशा नळ्या लावल्या त्यांना बोलावून तपासायला हवं. काहींना अजून कळलेलंही नसेल, का दुखतंय ते.

१४ जुलै, रविवार

ताईच्या घरी गेले. भावजी दारात बसून बुटांना पॉलिश करत होते.

"या मोजपट्टी! किती अंशांनी आलीस?"

"भावजी, नळी सांध्याच्या आत लावायची नव्हती."

ब्रश चालूच होता. "कोण म्हणालं?"

मी सांगितलं.

"ह्या दुसऱ्या मताच्या डॉक्टरांचं काय असतं, पहिल्याला नावं ठेवली की दुकान चालतं. सगळीकडे तसंच लावत होते गं. आम्हाला शिकवलंच तसं होतं. आणि मी काय डॉक्टर आहे? नळी कुणाच्या हातात होती?"

"ठिपका कुणाच्या हातात होता?"

आता ब्रश थांबला. त्यांनी बूट खाली ठेवले, एकाशेजारी एक, नीट. त्यांचे डोळे भरून आले होते. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"मला माहीत असतं तर तुला लावू दिलं असतं? तुला? माझ्या घरच्या माणसाला? आईशप्पथ सांगतो, त्या शनिवारी मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं, यापुढे सांध्याच्या आत नको, तेव्हा पायाखालची जमीन सरकली माझ्या. पण तुझं ऑपरेशन होऊन गेलं होतं. काय करणार होतो मी?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे त्यांना आधी माहीत नव्हतं. ज्या माणसानं मला मोठा फुगा आणून दिला त्यानं तो चांगल्या मनानं दिला होता. ते मी मनात पक्कं केलं.

नंतर त्यांनी मला का सांगितलं नाही, हे उरतं. त्यांना नोकरी आहे. ते मी समजू शकते, आवडलं नाही तरी.

कोणता शनिवार, ते विचारायचं राहून गेलं. विचारीन नंतर.

आम्ही बोलत होतो तेवढा वेळ आत नळ चालू होता. ताई पाणी वाया घालवत नाही. ती बाहेर आली ती चहा घेऊन, आणि माझ्या कपात साखर दोनदा घातलेली होती.

४ ऑगस्ट

आई आणि मी धुतलेले कपडे घड्या घालत होतो. मी आईला डॉक्टरबाईंनी सांगितलेलं थोडं थोडं सांगते, एकदम नाही. आज नळीचं सांगितलं.

आई म्हणाली, "तुझ्या ताईला तर तेव्हाच धास्ती बसली होती बाई."

"कशाची?"

"त्या नळीची. तू झोपली होतीस, घरी आणलं त्या दिवशी. स्वयंपाकघरात येऊन मला विचारते, आई, ती नळी आपण ओढली तर निघेल का गं? मी म्हटलं, खबरदार. डॉक्टरांनी बसवलंय, तू कशाला नसतं अंगावर घेतेस? काही झालं तर खापर आपल्या डोक्यावर. गप्प बसली बिचारी. तोंड एवढंसं झालं होतं."

"तिला अचानक का वाटलं असं?"

"काय माहीत. जावईबापूंचा फोन येऊन गेला होता तिला, मीटिंगमधून. त्यांचं काही वाजलं असेल. ही उशीची खोळ कुणी उलटी वाळत घातली?"

मी खोळ सुलटी केली. सगळ्या घड्या पूर्ण केल्या.

नंतर खोलीत बसून मी कारणं काढली. फोन दुसऱ्या कशाचा असू शकतो. मीटिंग दर शनिवारी असते. ताईला उगीचच भीती वाटली असेल; पाल दिसली तरी ती खुर्चीवर चढते. एकूण चार कारणं काढली आणि चौथ्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. कामावर कुणी आधी निष्कर्ष ठरवून मग कारणं गोळा केली तर मी त्याचा अहवाल परत पाठवते.

६ ऑगस्ट

ताईच्या शाळेत गेले. घरी भावजी असतात, आमच्याकडे आई. मुलं गेली होती. वर्गातल्या खुर्च्या इतक्या बुटक्या की बसल्यावर गुडघे छातीशी येतात. ती खडू गोळा करत होती.

"तू? इकडे? काय झालं?"

"ऑपरेशननंतरच्या शनिवारी तुला माहीत होतं."

"आई बोलली वाटतं."

"माहीत होतं का?"

तिनं खडू डब्यात टाकले. डब्याचं झाकण लागत नव्हतं, ते लावत बसली. मग तशीच, झाकणाकडे बघत, बोलली.

"त्यानं मीटिंगमधून बाहेर येऊन फोन केला. रडत होता. म्हणाला, आत लावायचं नाही म्हणतायत आणि मी स्वतः दाखवलंय, आत. मी म्हटलं, मग डॉक्टरांना सांग, काढतील. म्हणाला, डॉक्टर विचारतील का काढायची, मग काय सांगू? बाहेर कुणापाशी ब्रही काढायचा नाही म्हणून बजावलंय. नोकरी जाईल. मला शपथ घातली त्यानं."

"मग?"

"मग मी आले ना. आले होते की नाही मी?"

"आलीस."

"मला वाटलं, खात्री थोडीच आहे. सगळ्यांना थोडंच होतं. आणि दोन दिवसांचा तर प्रश्न होता."

"तू पट्टीला हात लावला होतास."

"हो."

"दाबत नव्हतीस."

"तू जागी झालीस."

"जागी झाले म्हणून थांबलीस?"

"तू विचारलं असतंस, का काढतेस. काय सांगितलं असतं मी? तुला खोटं सांगितलेलं पचतं का कधी? लहानपणापासून बघतेय."

"पचलं की. सहा महिने पचलं."

ती रडायला लागली. मी उभी राहिले; त्या खुर्चीतून एका हाताच्या आधारानं उठणं सोपं नाही. ताई पुढे आली, मी नको म्हटलं.

"तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" तिनं विचारलं.

"ओढली असती."

"हो. तू ओढली असतीसच. तुला काय, तुझ्या घरात तुझ्यामागे कोण आहे रडणारं? संसार केला असतास म्हणजे कळलं असतं." आणि लगेच, "मला तसं नव्हतं म्हणायचं."

तिला तसंच म्हणायचं होतं. मी बाहेर आले. फाटकापाशी रखवालदारानं विचारलं, "बाईंच्या बहीण का? चेहरा अगदी सारखा आहे." मी हो म्हटलं.

७ ऑगस्ट

राग भावजींचा यायला हवा. ठिपका त्यांचा, फोन त्यांचा, डॉक्टरांसमोरचं ते वाक्य त्यांचं. तो येतो, पण ठरावीक येतो, जितका यायला हवा तितका.

ताईचं तसं होत नाही. तिच्यावर रागावायला बसले की मला कंगवा आठवतो. ती रोज येत होती. मी समजत होते की प्रेमानं. आता म्हणावं लागेल, मन खात होतं म्हणून. प्रेम आणि अपराध हे वेगळे काढायचं माझ्याकडे साधन नाही.

१८ ऑगस्ट

केस कापून आले. मानेच्या वर. आई म्हणाली, "अगं, विचारायचं तरी. ताई घालत होती ना वेणी?" मी म्हटलं, आता लागणार नाही.

मी तक्रार दिली होती, तिच्यावर कंपनीनं समितीला उत्तर पाठवलंय. त्यांचं म्हणणं: सांध्याच्या आत लावू नये ही सूचना आम्हाला एप्रिलमध्ये मिळाली आणि आम्ही ती त्याच दिवशी सर्वांना दिली. त्याआधी कुणालाच काही माहीत नव्हतं. सर्जनांचं म्हणणं: रुग्णानं व्यायामात हयगय केली, घरच्या माणसानंही तसं सांगितलं आहे. हॉस्पिटलचं म्हणणं: सामान कुठे बसवायचं ते सर्जन ठरवतात.

वस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनी हात वर केले?"

"हो. एक माझाच होत नाही."

ते हसले नाहीत. मग मी हसले, तेव्हा हसले.

एप्रिल की फेब्रुवारी, ह्यावर सगळं थांबलंय. एप्रिल धरला तर कुणालाच आधी कळलेलं नव्हतं, आणि मग दोष कुणाचाच नाही. चूक मान्य नाही तर आधीच्यांना बोलावून तपासायचंही कारण नाही. फेब्रुवारी सिद्ध झाला तर बोलावावं लागेल.

२५ ऑगस्ट

भावजी रस्त्यात भेटले. माझी वाट बघत उभे होते हे उघड होतं. मोजपट्टी म्हणाले नाहीत. माझं खरं नाव घेतलं, ते त्यांच्या तोंडून परक्यासारखं वाटलं.

"समितीत मी एप्रिल सांगणार आहे," ते म्हणाले. "तुला आधीच सांगून ठेवतो, मागून वाईट वाटायला नको."

"बरं."

"सगळेच एप्रिल सांगणार आहेत. मी एकट्यानं फेब्रुवारी म्हटलं तर मीच एकटा उरतो. समजून घे."

"समजलं."

"मी तुझं वाईट चिंतलं का कधी?"

"नाही."

मग त्यांनी नेहमीच्या सवयीनं माझा खांदा थोपटायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. कुठल्या बाजूचा ते त्यांना आठवेना बहुतेक.

२ सप्टेंबर, सोमवार

ताईला निरोप पाठवला. आधी मोठा लिहिला होता. त्यात शाळेतलं बोलणं होतं, लहानपणचं होतं, केसांचंही होतं. ते सगळं काढलं. जे पाठवलं ते इथे उतरवून ठेवते:

ताई,

येत्या शनिवारी सकाळी अकराला समिती माझं म्हणणं ऐकणार आहे. कंपनी सांगणार, एप्रिलपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. भावजीही तेच सांगणार. त्यांनी मला तसं सांगितलंय. दहा फेब्रुवारीला, नळी माझ्या खांद्यात असताना, त्यांना माहीत होतं हे तुझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मी सांगितलं तर ते ऐकीव ठरतं.

तुला न विचारता मी तिथे तुझं नाव घेणार नाही. तू आलीस तर तुझ्या घरात काय होईल ते मला कळतं. नाही आलीस तर माझ्या खांद्यात काही फरक पडणार नाही, तो आलीस तरी पडणार नाही. फरक पडेल तो ज्यांना माझ्यासारख्या नळ्या लावल्या त्यांना.

आईला मी तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

येणार की नाही, एवढंच लिही. कारण नको. भावजींना विचारून लिहू नकोस. मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे.